सात वर्षांच्या राजाचे संग्रहालय

वस्तू जमविण्याचा नाद माणसाला केव्हा लागला हे सांगणे कठीण आहे. नदीकाठचे गोटे, मोरपिसे, काड्यापेटीवरची चित्रे, पोस्टाची तिकिटे आणि फार तर निजामाच्या काळातली हाली नाणी, येथपर्यंत आपल्यापैकी बहुतेकांची मजल गेलेली असते. पुढे दहावीचे वर्ष येते आणि ही सारी संपत्ती आई एकतर माळ्यावर टाकते, नाही तर धाकट्या भावंडांत वाटून टाकते. काही थोड्यांचा नाद मात्र वयाबरोबर वाढतच जातो.

हल्ली या नादाला निरनिराळे फाटे फुटले आहेत. माझा एक मामेभाऊ चाकणच्या बाजूला मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरीला आहे. तो मोटार शर्यतींतल्या चालकांच्या शिरस्त्राणांच्या, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत हेल्मेटांच्या, प्रतिकृती जमवितो. खऱ्या हेल्मेटच्या निम्म्या मापाच्या या प्रतिकृती काचेच्या पेटीत बसवून येतात. तयार करणारी कंपनी आधीच जाहीर करते की आम्ही इतकेच नग काढणार, आणि पेटीवर त्या नगाचा अनुक्रमांक छापते. यालाच मर्यादित आवृत्ती म्हणतात. गंमत अशी की १९५० साली फॉर्म्युला वनची जागतिक स्पर्धा सुरू झाली तेव्हा कित्येक चालक डोक्याला नुसती कापडी टोपी घालून ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे गाडी हाकीत असत. नंतर हेल्मेट आले, त्यावर रंग आले, आणि त्या रंगांवरून दुरून चालक ओळखू येऊ लागला. ब्राझीलच्या आयर्टन सेनाचे पिवळे हेल्मेट सिड मोस्का नावाच्या रंगाऱ्याने रंगविलेले होते. सेना १९९४ च्या मे महिन्यात इमोला येथे शर्यतीतच मरण पावला, पण त्या पिवळ्या रंगाच्या प्रतिकृती आजही विकल्या जातात. पुढे पुढे चालक जवळजवळ प्रत्येक शर्यतीला नवे रंग घालू लागले, तेव्हा २०१५ साली नियम करून त्यावर बंधन आणावे लागले. २०२० साली ते बंधन उठले. आता नवे रंग आणि नव्या मर्यादित आवृत्त्या यांना तोटा नाही.

मी या छंदाला हसत नाही. मामेभाऊ त्या पेट्यांवरची धूळ ज्या हळुवारपणे पुसतो ते पाहण्यासारखे असते. पण एक प्रश्न मनात येतोच. कंपनीने पाचशेऐवजी पाच हजार नग काढले असते, तर त्याच वस्तूविषयी त्याला इतकेच प्रेम वाटले असते काय? या प्रश्नाचा विचार करताना मला वारंवार आठवण होते ती पुण्याच्या कै. डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांची. त्यांनी आयुष्यभर ज्या वस्तू जमविल्या त्यांच्यावर कोणताही क्रमांक नव्हता. त्या किती आहेत हे कुणी मोजलेलेही नव्हते, कारण त्या मोजण्यासारख्या आहेत असेच कुणाला वाटत नव्हते.

केळकरांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. ते ना संस्थानिक होते, ना सावकार, ना कोणा विद्यापीठातले प्राध्यापक. त्यांचा व्यवसाय चष्म्यांचा होता. दुसऱ्यांना नीट दिसावे म्हणून भिंगे विकणाऱ्या या गृहस्थाला स्वतःला जे दिसत होते ते त्या वेळच्या पुण्यात फार थोड्यांना दिसत होते, एवढेच येथे म्हणते. मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना ते आणखी एका नावाने ठाऊक असतील. कवी अज्ञातवासी ते हेच. मराठ्यांच्या इतिहासाची त्यांना ओढ होती आणि तिच्यातून त्यांनी कविता लिहिल्या. राजकवी भा. रा. तांबे दूर ग्वाल्हेरला राहात. त्यांच्या कवितांचा दुसरा संग्रह १९२७ साली निघाला, त्याचे संपादन अज्ञातवासींचे आहे. म्हणजे दुसऱ्याची विखुरलेली निर्मिती गोळा करावी, ती नीट लावावी आणि लोकांपुढे ठेवावी, हा त्यांचा स्वभाव कवितेतही दिसून येतो. माझ्या मते केळकरांमधला कवी आणि संग्राहक ही दोन माणसे नव्हतीच.

१९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवावयास आरंभ केला. तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. पेशवाई जाऊन शंभर वर्षे झाली होती. सरदारांचे वाडे पडत होते, वाटण्या होत होत्या. शहरांत यंत्रावर तयार झालेला माल स्वस्तात मिळू लागला होता. घराघरांतल्या पितळी समया, लामणदिवे, अडकित्ते, पानाचे डबे, कुलपे, दौती आणि गंजिफांचे संच अडगळीत जात होते, आणि अडगळीतून मोडीत. मोड म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. कासार तराजूत टाकतो, घट वजा करतो आणि वजनावर पैसे देतो. त्या तराजूला मोराच्या मानेचा बाक कळत नाही. ज्या अडकित्त्यावर कारागिराने दहा दिवस घालविले तो आणि एखादे फुटके तपेले, दोन्हींचा भाव एकच. केळकर जणू त्या तराजूच्या आणि भट्टीच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

ते गावोगाव फिरले. पुण्यातले जुने वाडे आणि बाजार झालेच, पण गुजरात, राजस्थान, कर्नाटक, केरळ असा त्यांचा संग्रह पसरत गेला. पैसा बेताचाच होता. त्यांच्या पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या, आणि वस्तू विकत घेण्यासाठी त्यांनी अंगावरचे दागिनेही दिले असे सांगतात. या गोष्टीकडे आपण फार सहज पाहतो. थोर पुरुषांच्या चरित्रांत पत्नीचे दागिने एका वाक्यात येतात आणि जातात. कुणा अनोळखी बाईच्या घरातली वज्री आपल्या घरी यावी म्हणून आपल्या हातातली पाटली काढून देणे, हे त्या काळातल्या मध्यमवर्गीय स्त्रीच्या दृष्टीने काय होते याचा आपल्या भगिनींनी तरी क्षणभर विचार करावा. पाटली हीच तिची बँक होती. शिवाय परक्याच्या माजघरात आणि स्वयंपाकघरात पुरुषाला शिरकाव नसे. बायकांच्या वापरातल्या इतक्या वस्तू त्या संग्रहात आल्या, त्यांत कमलाबाईंचा हात मोठा असला पाहिजे असे मला वाटते.

वज्री हा शब्द आता मुलींनाही ठाऊक नसतो. न्हाताना टाचा घासायची ती वज्री. खालची बाजू खरखरीत आणि वर धरायला मूठ. एवढ्या साध्या कामाच्या वस्तूवर कुणी पक्षी बसविला आहे, कुणी हत्ती, कुणी बाई. काहींच्या पोटात खडे घातलेले, म्हणजे टाच घासताना मंजुळ आवाज व्हावा! मागील वर्षी इतिहास विभागाची सहल पुण्याला गेली तेव्हा शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळच्या नातूबागेतल्या त्या तीन मजली वास्तूत मी या वज्र्या पाहिल्या. माणसाने टाच घासण्याच्या कामातही एवढी हौस ठेवावी, याचे नवल मला मस्तानी महालापेक्षा अधिक वाटले.

मस्तानी महालाचे नाव निघालेच आहे तर तेही सांगून टाकते. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष केळकरांनी आणले आणि संग्रहालयात त्यांची पुन्हा उभारणी केली. प्रेक्षकांची गर्दी तेथेच सर्वांत जास्त असते. शस्त्रांच्या दालनात माशाच्या खवल्यांचे आणि मगरीच्या कातडीचे चिलखत आहे, वाद्यांचे दालन आहे, गुजरातेतले कोरीव दरवाजे आहेत, पैठणची चित्रकथी आहे. सगळ्याची जंत्री देत बसण्यात अर्थ नाही. ज्याला शक्य असेल त्याने स्वतः जावे आणि एका दिवसात सगळे पाहून होईल असे समजू नये.

अडकित्त्यांपुढे मात्र थोडे थांबायला हवे. घोडा, मोर, पोपट, एकमेकांना बिलगलेले जोडपे, असे किती तरी आकार. खाली पोलादी पाते, वर पितळेची मूर्ती. अशा ओतीव कामाची आपल्याकडची जुनी रीत अशी. आधी मेणाची वस्तू घडवायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, ती भाजली की मेण वितळून बाहेर येते, त्या पोकळीत पितळेचा रस ओतायचा आणि निवल्यावर मातीचा साचा फोडायचा. साचा फुटला की संपले. दुसरी वस्तू हवी असेल तर मेणापासून पुन्हा सुरुवात. तेव्हा या रीतीने घडलेली प्रत्येक वस्तू ही एकाच नगाची आवृत्ती असते. तशी जाहिरात ओताऱ्याने कधी केली नाही. अनुक्रमांक तर सोडाच, त्याने आपले नावही कुठे घातले नाही. सेनाच्या हेल्मेटचा रंगारी कोण हे आपल्याला माहीत आहे. त्या मोराच्या अडकित्त्याचा ओतारी कोण हे कोणालाच माहीत नाही. अज्ञातवासी हे टोपणनाव घेणाऱ्या कवीने अशा अज्ञात माणसांच्या हातचे काम जमवीत सत्तर वर्षे काढली.

संग्राहक म्हटला की आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला आधी आठवतो तो हैदराबादचा सालारजंग. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच राज्याचे तिसरे सालारजंग, मीर युसूफ अली खान, १९१२ ते १९१४ या काळात दिवाण होते. योगायोग असा की त्यांचा जन्म पुण्याचा, १८८९ मधला. त्यांनी लग्न केले नाही आणि आपली संपत्ती वस्तू जमविण्यात घालविली. त्यांच्या मागे १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते ते संग्रहालय खुले झाले. त्यात युरोपातले पुतळे आहेत, घड्याळे आहेत, चिनी मातीची भांडी आहेत. ते वैभव खोटे नाही. पण तेथे फिरताना एखादी वस्तू आपल्या आजीच्या घरी होती असे सहसा वाटत नाही. केळकरांच्या संग्रहालयात ते पावलोपावली वाटते. आमच्याबरोबर आलेल्या एका मैत्रिणीने एका पानाच्या डब्यापुढे उभे राहून सांगितले की असाच डबा तिच्या घरी होता आणि चार वर्षांपूर्वी तो देऊन स्टीलचे पिंप घेतले. यावर काय बोलावे ते आम्हा कोणालाच सुचले नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. या संग्रहालयाचे नाव राजा दिनकर केळकर संग्रहालय असे आहे. अनेकांचा समज होतो की राजा ही केळकरांना मिळालेली पदवी असावी, किंवा ते कुठल्या तरी छोट्या संस्थानाचे अधिपती असावेत. तसे मुळीच नाही. राजा हे त्यांच्या मुलाचे नाव होते. एकुलता एक मुलगा. तो सातव्या वर्षी गेला. आपल्याकडे शाळेत नाव घालताना आधी मुलाचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव लिहितात. त्याप्रमाणे वाचले म्हणजे फाटकावरच्या त्या पाटीचा अर्थ उलगडतो. ते अवघे नाव त्या मुलाचेच आहे. हजेरीपटावर मास्तरांनी जे नाव हाक मारून वाचले असते, तेच नाव त्या पाटीवर आहे.

हे समजल्यावर संग्रहालय पुन्हा पाहावेसे वाटते. तेथे खेळणी आहेत, बाहुल्या आहेत. आईबापांनी हा संग्रह वाढविला तो केवळ दुःख विसरण्यासाठी, असे म्हणणे बरोबर होणार नाही. आरंभ कवीच्या नादातूनच झाला होता. परंतु ज्या वस्तू पुढे मुलाच्या हाती जायच्या त्या आता कुणाच्या हाती द्यावयाच्या, हा प्रश्न त्या घरात पडला असेलच. मुलगा गमावलेल्या माणसाने वस्तू विकून टाकल्या असत्या तर त्यात काही वावगे नव्हते. त्या वस्तूंना तोपर्यंत भावही येऊ लागला होता. १९६० पर्यंत संग्रह पंधरा हजारांच्या आसपास गेला होता. परदेशी गिऱ्हाइकांना अशा वस्तूंची चटक लागली होती. केळकरांनी १९६२ साली हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपविला. एवढ्या मोठ्या संग्रहावर त्यांनी ठेवले ते नाव मुलाचे. आणि शासनाला दिल्यानंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. वस्तू येतच राहिल्या आणि संग्रह वीस हजारांच्या वर गेला.

पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली. १९८० साली पद्मश्री मिळाली, तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. १७ एप्रिल १९९० रोजी, चौऱ्याण्णव्या वर्षी ते वारले. सन्मानांचा भाग मी एवढ्यातच आटोपते, कारण त्यांच्या आयुष्यात तो खरोखरच थोडा आहे.

गौरव करताना थोडे उणेही सांगितले पाहिजे, नाहीतर तो वाढदिवसाचा लेख होतो. संग्रहालयात मला जे दिसले ते बहुतेक नक्षीचे. ज्या अडकित्त्यावर मोर आहे तो काचेच्या कपाटात पोचला. ज्याला नुसत्या दोन दांड्या आणि एक पाते होते, आणि ज्याने गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची सुपारी कातरली, तो मोडीतच गेला असावा. केळकरांची दृष्टी कवीची होती आणि कवीला सुंदर ते आधी दिसते. दुसरे असे की कित्येक वस्तूंपुढे गावाचे किंवा प्रांताचे नाव आणि अंदाजे शतक एवढेच वाचायला मिळते. ती वस्तू कुणाची होती, तिने ती का दिली, देताना ती रडली की सुटलो म्हणाली, हे आता कुणीही सांगू शकणार नाही. एका माणसाने आपल्या खिशातून आणि बायकोच्या दागिन्यांतून किती करावे यालाही मर्यादा आहे, हे मला मान्य आहे. तरी उणीव ती उणीवच.

ही उणीव आपल्याला अधिक जाणवते, कारण आपला मुलूखच तसा आहे. नांदूरघाटच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसे ऊसतोडीला निघतात तेव्हा सहा महिन्यांचा संसार एका बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावलेला असतो. त्यात काय काय असते याची कुणी यादी केली आहे काय? कोयता, तवा, परात, पाण्याचा ड्रम, पोराची झोळी, देवाचा फोटो. यातल्या एकाही वस्तूवर नक्षी नसते. मुठीपाशी घासून गुळगुळीत झालेला कोयता केळकरांच्या नजरेला पडला असता तर त्यांनी तो घेतला असता का, कोण जाणे. मला आपले वाटते की त्यांनी नाही तर कमलाबाईंनी तरी घेतला असता.

संग्रहालयातल्या वीस हजारांपैकी सुमारे अडीच हजार वस्तूच एका वेळी मांडलेल्या असतात. बाकीच्यांना जागा नाही. आपल्याकडे तर वस्तू ठेवायला एक खोलीही नाही, म्हणून सरांच्या सांगण्यावरून मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी दिवाळीच्या सुट्टीपासून वस्तू न आणता त्यांची नुसती नोंद करायला सुरुवात केली आहे. वहीच्या डाव्या पानावर वस्तूचे चित्र काढायचे, उजव्या पानावर ती कोणी, कुठून, केव्हा घेतली आणि आता कोण वापरते ते लिहायचे. नांदूरघाटच्या तीन गल्ल्यांत आतापर्यंत अकरा अडकित्ते सापडले. त्यांतला एक घोड्याचा आहे, त्याचा एक कान तुटलेला आहे. बाकीचे दहा साधे आहेत. चार अजून रोज वापरात आहेत. एका आजींनी आपला अडकित्ता दाखविला, पण चित्र पुरे होईपर्यंत हातातून सोडला मात्र नाही, त्यामुळे त्या पानावर अडकित्त्याबरोबर त्यांची तीन बोटेही आली आहेत.